दोन बोटांचा कान

आई गेली तेव्हा तिच्या शेवटच्या कपांना कान लावायचे राहिले होते.

त्या सकाळी तिने चाकावर कप काढले, फळीवर ओळीने मांडले, त्यांच्यावर प्लॅस्टिक पांघरलं आणि फोनवर मावशीला म्हणाली, "जरा पाठ टेकते. दुपारी कान लावीन." ती दुपार तिला मिळाली नाही. झोपेतच गेली. भेटायला येणारे 'भाग्यवान बाई' म्हणत होते. मला त्या शब्दाची चीड येत होती, पण मी प्रत्येकाला चहा विचारत राहिले. घर माणसांनी भरलेलं असलं की चिडायलाही जागा उरत नाही.

माणसं पांगल्यावर मला कळलं, की मावशी रोज मागच्या शेडमध्ये जात होती. हातात पाण्याचा फवारा, इस्त्रीआधी कपड्यांवर मारतात तसला. प्लॅस्टिक उचलायचं, कपांवर फुसफुस करायचं, पुन्हा झाकायचं.

"तुला कोणी सांगितलं हे करायला?" मी विचारलं.

"कोण सांगणार? सांगणारी गेली." मावशीने फवारा खाली ठेवला. "मला त्या मातीतलं ओ की ठो कळत नाही. पण ताईच्या तोंडून एक वाक्य जन्मभर ऐकलंय, कोरड्या कपाला ओला कान धरत नाही. म्हटलं, निदान ओले तरी ठेवू. पुढचं पुढे."

मावशी आईची धाकटी बहीण. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. आई गेल्यावर ती कुणासमोर रडली नाही. रोज शेडमध्ये जाऊन कपांना पाणी देत राहिली.

शेड म्हणजे घरामागे गाडीसाठी बांधलेली खोली. गाडी कधी आली नाही, भट्टी आली. खिडकीखाली चाक, भिंतीला फळ्या, कोपऱ्यात झिलईच्या बादल्या, आणि सगळ्यावर मातीची ती फिकी पूड, जी आईच्या केसांत, चपलांत आणि माझ्या शाळेच्या वह्यांतसुद्धा असायची. आई शोभेचं काही करत नसे. फुलदाणी मागायला आलेल्यांना ती दुसऱ्या कुंभाराचा पत्ता द्यायची. ती रोजच्या चहाचे कप करायची. हातात धरायचे, विसळायचे, पुन्हा धरायचे. "कपाटात ठेवलेला कप म्हणजे न वाचलेलं पुस्तक," असं म्हणायची, आणि मग माझ्याकडे बघून, "तुझ्याकडे तीही बरीच आहेत, पंडितीणबाई."

मी छपाईला जाणाऱ्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. दुसऱ्या शहरात. कॉलेज संपेपर्यंत मी सुट्टीत आईच्या हाताखाली काम केलं होतं. कप काढायला मला कधी जमलं नाही, भिंती एकीकडे जाड व्हायच्या. पण कान मला जमायचे. मातीचा मुळ्याएवढा तुकडा डाव्या हातात उलटा लोंबता धरायचा, उजवा हात पाण्यात बुडवायचा आणि गाईचं दूध काढावं तसं वरून खाली ओढत राहायचं. माती लांबते, चपटी होते, जिभेसारखी खाली येते. ती तोडायची, वाकवायची, कपावर काट्याने ओरखडे काढायचे, मातीचा पातळ घोळ लावायचा आणि दाबायचं. आई म्हणायची, "कप कसाही येतो, कान मात्र माणसाला विचारून लावावा लागतो."

हे ती शब्दशः करायची. नव्या खेपेचा पहिला कान वाकवला की शेडच्या दारातून हाक मारायची, "अहो! बोटं द्या!"

बाबांचं चष्म्याचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. ते हातातला स्क्रू-ड्रायव्हर ठेवून, गिऱ्हाईकाला "एक मिनिट हं, सरकारी काम" म्हणून मागे यायचे, पहिली दोन बोटं पुढे करायचे आणि आई त्यांच्यावर ओला कान चढवून बघायची. मग आणखी थोडा सैल करायची, कारण भट्टीत माती आकसते. बाबा दर वेळी कुरकुरायचे.

"अगं, इतकी वर्षं झाली, माझी बोटं तुला पाठ नाहीत का?"

"पाठ आहेत. तरी विचारते."

"जगात दुसरी बोटं नाहीत?"

"आहेत. पण ती हाक मारल्यावर येत नाहीत."

बाकी हाक मारल्यावर बाबा कधीच वेळेवर यायचे नाहीत. "भिंतीलाही कान असतात, कपालाही असतात," आई म्हणायची, "एक तुम्हीच राहिलात."

आता मी तो फवारा हातात घेऊन कप बघत होते. माती अगदी हवी तशी होती, चामड्यासारखी. दाबली तर थोडी दबणारी, पण खचून न बसणारी. आणखी काही दिवस अशी ठेवता आली असती, कायम नाही. एक तर मी कान लावायचे, नाहीतर हे कप तसेच वाळू द्यायचे.

बाबांना विचारायला गेले तेव्हा ते स्वयंपाकघरात बसले होते. समोर स्टीलचा ग्लास. आई गेल्यापासून त्यांनी एकदाही कपातून चहा घेतला नव्हता. दोन्ही तळवे ग्लासभोवती धरून ते पीत होते. मी मनात म्हटलं, कपाकडे बघवत नसेल.

"बाबा, मी कान लावू का त्या कपांना?"

त्यांनी ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "मीच तुला सांगणार होतो. लाव. पण एक कर. पूर्वीसारखे लाव."

"म्हणजे?"

त्यांनी ओट्याकडे मान वळवली. ओट्यावरच्या फळीखाली हुकांची रांग आहे. प्रत्येक खेपेतला एक कप आई घरी ठेवायची आणि त्या हुकांवर टांगायची. डाव्या टोकाला माझ्या लहानपणचे, उजव्या टोकाला परवापरवाचे.

"तो तिसरा कप बघ," बाबा म्हणाले. "कान कसा आहे? नाजूक. चष्म्याच्या काडीसारखा. आणि आता शेवटचे बघ. तुला म्हणून सांगतो, कुणाकडे बोलू नकोस. गेली काही वर्षं तिचा हात बिघडला होता. कान मोठे व्हायला लागले. ढगळ. तिच्या ते ध्यानात येत नव्हतं, आणि मी काही बोललो नाही. कसं बोलणार? गिऱ्हाईक विचारायचं, तर मी सांगायचो, सध्या हीच फॅशन आहे."

"तुम्ही? फॅशन?"

"मग काय करू? एकाला तर म्हटलं, परदेशात असेच असतात." ते किंचित हसले. "हे शेवटचे कप चहावाल्याकडे जाणार. रोज शंभर लोक हातात धरतील. त्यांना तिचा चांगला हात आठवू दे. एवढं कर माझ्यासाठी."

बाबांनी माझ्याकडे जन्मात काही मागितलेलं मला आठवत नाही. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिसऱ्या हुकावरचा कप शेडमध्ये नेला आणि समोर ठेवून काम सुरू केलं. पहिले काही कान वाया गेले. हात विसरलेला नव्हता, पण रुसलेला होता. मावशी स्टुलावर बसून देखरेख करत होती.

"हा गोगलगाईसारखा झाला."

"मावशी, तू फवारा मारायला आली आहेस ना?"

"तोंडाला का फवारा लागतो? हा बरा आहे. हा ताईसारखा आहे."

तो खरंच आईसारखा होता. मी तो कपाला लावला, सांध्यावरून ओलं बोट फिरवलं. आईच्या हातची भिंत आणि माझ्या हातचा कान, मध्ये सांधा कुठे आहे ते दिसत नव्हतं. मी मावशीकडे पाठ करून हात धुतले.

मी दुसरा कान वाकवत होते तेव्हा चहावाला आला. कोपऱ्यावर त्याचं दुकान आहे. आईचे कप त्याच्याकडे वर्षानुवर्षं जात होते. दारात चप्पल काढून तो उभा राहिला. बाईंशिवाय या खोलीत कसं यायचं ते त्याला कळत नव्हतं.

"घाई नाही हं, ताई," तो म्हणाला. "मी कपांसाठी नाही आलो. सहज आलो." मग त्याची नजर फळीवर गेली. "हा कुणाचा?"

"तुमचाच. त्या ऑर्डरमधला."

त्याने वाकून बघितलं. हात लावला नाही. "नाही ताई. हा माझा नाही. देखणा आहे, पण माझा नाही."

"का?"

"माझ्याकडे सकाळी कोण येतं? सगळे रिटायर. त्यांची बोटं बघा कधी, आल्याचे तुकडे. पूर्वी असा बारीक कान असायचा तेव्हा निम्मे जण कप पोटाला धरायचे. चटका बसला की सोडायचे. रोज एकदोन फुटायचे. बाईंनी कान वाढवला आणि फुटणं थांबलं. मी त्यांना म्हटलंसुद्धा, माझ्या म्हाताऱ्यांची काळजी घेतलीत, उपकार झाले. तर म्हणाल्या, 'एका म्हाताऱ्यासाठी करते, बाकीच्यांना फुकट.'" तो हसला. "कोण तो, विचारलं. तर म्हणाल्या, त्यालाच माहीत नाही, तुम्हाला काय सांगू?"

तो गेल्यावर मावशी आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो.

"भावोजी," मावशी म्हणाली.

मी हातातला कान तसाच टाकून स्वयंपाकघरात गेले. हुकांवरचे कप एकेक करून उतरवले, ओट्यावर ओळीने मांडले आणि माझी दोन बोटं प्रत्येक कानात घालून बघितली. पहिल्या काही कपांत ती घट्ट बसली. मधल्यांत बोटं हलायला लागली. शेवटच्यांत तिसरं बोटही शिरलं असतं. कान मोठे होत गेले होते, बाबा म्हणाले ते खरं होतं. पण लागोपाठच्या दोन खेपांत फरक इतका थोडा, की शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय दिसू नये. कुठे एक पाऊल मागे नाही, कुठे एकदम उडी नाही. शेवटच्या कपाच्या कानाची जाडी वर, खाली, मध्ये, जिथे जशी हवी तिथे तशी.

माझ्या कामात मी एक गोष्ट शिकले आहे. थकलेला माणूस चुकतो तेव्हा दर पानावर नव्या तऱ्हेने चुकतो. एकच गोष्ट त्याच जागी, त्याच बेताने पुन्हा पुन्हा येत असेल, तर तिथे खूण करायची नसते. लिहिणाऱ्याने ती तशी ठरवून केलेली असते.

आईचा हात शेवटपर्यंत चांगला होता.

मग मला एकेक दिसायला लागलं. बाबांनी दुकान बंद केलं तेव्हा डोळ्यांचं कारण सांगितलं होतं. आम्ही सगळ्यांनी मान्य केलं, चष्मेवाल्याचे डोळे थकले यात हसण्यासारखं काहीतरी होतं आणि आम्ही हसलोही. पण तेच बाबा माझ्या हातातल्या मुद्रितातली चूक टेबलापलीकडून दाखवायचे. शेजारच्या आजी चष्म्याचा निसटलेला स्क्रू घेऊन आल्या, तर म्हणायचे, "ठेवून जा, सवडीने बघतो," आणि सवड कधी व्हायची नाही. शर्टाची वरची बटणं उघडी. वर्तमानपत्राची पानं बोटांनी न उलटता तळव्याने सरकवणं. आणि तो स्टीलचा ग्लास, दोन्ही तळव्यांत. त्या घरात आता त्यांची बोटं जाणेल असं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी कपच सोडला होता. आई असती तर गेल्या खेपेचा कप थोडा घट्ट व्हायच्या आत नवी खेप आली असती.

"सांगणार आहेस?" मावशीने दारातून विचारलं.

मी तोच विचार करत होते. सांगितलं, तर जे आईने इतकी वर्षं झाकलं ते मी एका वाक्यात उघडं करणार. ज्याने केसाएवढे स्क्रू लावून जन्म काढला त्या माणसाला त्याची बोटं गेली आहेत हे मुलीने तोंडावर बोलून दाखवायचं. न सांगावं, तर बाबा उरलेलं आयुष्य असं समजून काढणार, की बायकोचा हात बिघडला होता. आणि मी तिच्या शेवटच्या कपांना असे कान लावणार, की तिच्या नवऱ्याला तेच धरता येऊ नयेत.

"नाही," मी म्हटलं. "बोलावणार आहे."

शेडमध्ये परत आले. नवा तुकडा घेतला आणि ओढत राहिले. या वेळी माती लांबू दिली. समोर तिसरा कप नव्हता, शेवटचा होता. कान वाकवला आणि दारातून हाक मारली.

"बाबा! बोटं द्या!"

मला वाटलं, चुकलं. हे वाक्य माझं नव्हतं. मग बाबांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. ते शेडच्या दाराशी आले आणि उंबऱ्याबाहेर थांबले. आई गेल्यापासून ते तिथे आले नव्हते.

"माझी कशाला? मापाला तो जुना कप दिलाय ना तुला."

"त्या कपाला हाक मारली तर येत नाही."

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. ते आत आले. मावशी स्टुलावरून उठली. बाबांनी उजवा हात पुढे केला आणि त्या क्षणी मी त्यांची बोटं पहिल्यांदा नीट बघितली. सांधे सुजून गाठी झाल्या होत्या, मधलं बोट बाजूला झुकलं होतं. आधी मघाचा कप उचलला, बारीक कानाचा, आणि पुढे धरला. त्यांनी बोटं नेली. पहिलंच बोट सांध्याशी अडलं. ते घाईने मागे घेऊन म्हणाले, "ओला आहे, मोडेल."

"हो," मी म्हटलं. "आता हा बघा."

नवा कान मी त्यांच्या दोन बोटांवर चढवला. तो गाठींवरून सरकला आणि बसला. सभोवती थोडी जागा उरली, भट्टीत आकसायला लागते तेवढी.

बाबा त्या कानाकडे बघत राहिले. मग फळीवरच्या शेवटच्या कपाकडे. मग मघाच्या बारीक कानाकडे. बोटं त्यांनी काढली नाहीत. ओली माती त्यांच्या हातावरून मनगटापर्यंत ओघळली.

"दर वेळी बोलवायची," ते हळू म्हणाले. "मला वाटायचं, लाडात येते."

"तेही असेल," मावशी म्हणाली.

"मी लोकांना फॅशन सांगत होतो. तिच्यासाठी." त्यांनी बोटांवरचा कान वर धरला. "आणि ती?"

"ती काहीच सांगत नव्हती."

"काहीच नाही," बाबा म्हणाले. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा गप्प बसली, आणि तेही अशा गोष्टीत." ते हसायला लागले. हसता हसता चष्मा काढायला त्यांनी डावा हात वर नेला, पण तो निघेना, तेव्हा मीच काढला आणि माझ्या पदराने त्यांचे डोळे पुसले. उजव्या हाताच्या बोटांवर कान तसाच होता.

"मोडेल हं," ते म्हणाले.

"नाही मोडत."

मग ते बसले. मावशीचं स्टूल त्यांनी घेतलं आणि मावशी उलट्या बादलीवर बसली. मी कान ओढत गेले, वाकवत गेले, आणि प्रत्येक वेळी बाबांनी बोटं पुढे केली. आई फक्त पहिल्यालाच विचारायची. आम्ही प्रत्येकाला विचारलं. आमच्यापैकी कुणालाच ते काम लवकर संपवायचं नव्हतं. मध्ये एकदा बाबा म्हणाले, "सांध्याला घोळ कमी पडतोय, ती जास्त लावायची," आणि ते बरोबर होतं. इतकी वर्षं कुरकुरत उभ्या राहिलेल्या माणसाने सगळं बघून ठेवलं होतं.

बारीक कानाचा तो एक कप उरला. कान चांगला धरला होता, काढवेना.

"तो मला द्या," मावशीने बोटं पसरून दाखवली. "माझी अजून लग्नाच्या वयाची आहेत."

"मेहुणीबाई, हे आरशात बघून सांगताय की आठवून?" बाबा म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी तिची थट्टा केली. मावशी इतकी खूश झाली, की उलट बोलायचं विसरली.

कप वाळले, भाजले, झिलईत बुडाले, पुन्हा भाजले. भट्टी निवेपर्यंत बाबा तिच्या आसपास घुटमळत होते. दार उघडलं तेव्हा एका कपाच्या सांध्याला चीर गेलेली निघाली, घोळ कमी पडत होता तेव्हाचा होता तो. बाकी सगळे धड आले. चहावाला स्वतः घ्यायला आला. एक कप उचलून त्याने कानातून बोटं आरपार घालून बघितली आणि बाबांकडे बघून मान हलवली. त्याला कोण तो म्हातारा ते कळलं होतं का, मला माहीत नाही. त्याने विचारलं नाही.

त्या खेपेतला एक कप घरी ठेवायचा होता. हुकांच्या रांगेत उजवीकडे एक रिकामा हूक होता. आईने आधीच ठोकून ठेवलेला. पण कप टांगायच्या आधी मी तो विसळला, चहा केला, गाळला आणि बाबांच्या पुढे ठेवला. स्टीलचा ग्लास त्यांनी स्वतःच बाजूला सारला.

त्यांनी दोन बोटं कानात घातली आणि कप उचलला. एका हाताने. ओठांपर्यंत नेला, फुंकर मारली, फुर्रकन घोट घेतला. मग कप जरा खाली आणून कानात बोटं फिरवून बघितली.

"थोडा सैल आहे," ते म्हणाले.

"असू दे," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी नेमका होईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि त्याच्या पुढच्या वर्षी?"

"हाक मारीन."

"येईन म्हणा," ते म्हणाले, आणि दुसरा घोट घेतला.